दोन डाव्या बाह्या

त्या दुकानात आजवर कुणी जाड झालं नव्हतं. कापड आटायचं.

गिऱ्हाईक दोन-तीन वर्षांनी पँट घेऊन यायचं, बटण लागत नाही म्हणून ओशाळं व्हायचं. मग मास्तर ती पँट उजेडाकडे धरून, कमरेची शिवण अंगठ्याने चाचपून, कापडालाच दम द्यायचे. "आटलं बघा. या कापडाची जातच अशी. तुमचा काय दोष?" शिवणीच्या आत राखून ठेवलेला जादा कापडाचा दाब सोडला जायचा आणि माणूस आला होता त्यापेक्षा ताठ मानेने बाहेर पडायचा. म्हातारपणी उंची घटते, त्यासाठी मात्र मास्तरांकडे वाक्य नव्हतं. तिथे ते नुसते गप्प राहून पँटचा पाय खालून दुमडायचे.

हे वाक्य पुढे घरातही शिरलं. कुणी फुगून बसलं की "आज कापड आटलंय वाटतं" असं म्हणायची पद्धत पडली. सून नवी असताना तिला याचा अर्थ कुणी समजावून सांगितला नाही. तिचा तिलाच लागला : या घरात खोटं बोलायची मुभा आहे, फक्त ते माणसावर ढकलायचं नाही, कापडावर ढकलायचं.

सोमवारी दुकान बंद असतं. त्या सोमवारी दुपारी शटर अर्धं वर करून धाकट्याच्या कोटाची ट्रायल ठरली होती. धाकटा म्हणजे मास्तरांचा भाऊ. जन्मभर शाळेत कवायत शिकवली, म्हणून घरात त्याला 'पीटी' म्हणत. वय सदुसष्ट, केस काळे, आणि ते कशामुळे काळे हा विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं. पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाल्यावर येत्या शुक्रवारी तो पुन्हा लग्न करत होता. वधू टपाल कार्यालयातून निवृत्त झालेली, जन्म खिडकीमागे गेलेली बाई. यावर जे काही तोंड वाजवायचं ते घराने मागच्या महिन्यात वाजवून घेतलं होतं. आता सगळे तिला 'टपालबाई' म्हणत. तोंडावर नव्हे, अजून.

पण खरं सांगायचं तर दुकानात जमलेल्यांपैकी कुणाचंच लक्ष लग्नाकडे नव्हतं. ते टेबलाकडे होतं.

कापायचं टेबल दुकानाची अर्धी जागा खायचं. त्या जागी तयार कपड्यांचे स्टँड यावेत, ही मास्तरांच्या मुलाची जुनी इच्छा. काउंटरमागे त्याने फिरती खुर्ची आणली त्या दिवसापासून त्याला 'मॅनेजर' हे नाव पडलं होतं, आणि ते टोमणा आहे हे त्याने कधी मनावर घेतलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी जेवताना तो म्हणाला होता, "मास्तर, तुमचा हात चुकत नाही तोवर टेबलाला कुणी हात लावणार नाही. पण एक कापड वाया गेलं, की टेबल गेलं. मग कटकट नको."

"कबूल," मास्तर म्हणाले होते.

"अजून वाढू?" मास्तरांच्या बायकोने विचारलं होतं. तिला ऐकू कमी येतं. नेमकं किती कमी, हे डॉक्टरला कळलेलं नाही, कारण ते विषयागणिक बदलतं.

पीटीने त्या वेळी पुतण्याची बाजू घेतली होती. "दादाने आता बसावं. शरीराचंही एक टाइमटेबल असतं." हे वाक्य त्याने पाठीचा कणा ताठ करून म्हटलं होतं.

सून ताटं उचलू लागली होती. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं, म्हणूनच.

गेल्या वर्षभरात मास्तरांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगला पिकला होता आणि कात्रीच्या अंगठ्याचा सांधा लिंबाएवढा झाला होता. सून रोज सकाळी सगळ्यांच्या आधी दुकान उघडायची, झाडायला म्हणून. झाडून झालं की आदल्या दिवशीचे कापलेले तुकडे पसरून बघायची. एखादी कॉलर वाकडी असायची, खिसा दोन बोटं खाली असायचा. ते सरळ करायची, पुन्हा तशीच घडी घालून ठेवायची. मास्तर आल्यावर घडीवर हात फिरवून म्हणायचे, "बघितलंस? हात बसलेला असला की डोळे लागत नाहीत." ती म्हणायची, "हो ना."

यात सासऱ्यावरची माया होतीच. पण त्या मायेच्या शेजारच्या रकान्यात आणखी एक गोष्ट मांडलेली होती. टेबल गेलं असतं तर मागची तिची मशीनही गेली असती, आणि मग तिने दिवसभर काय करायचं? नवऱ्याच्या फिरत्या खुर्चीसमोर उभं राहून दुसऱ्यांनी शिवलेल्या शर्टांच्या घड्या. त्यापेक्षा सासऱ्याचे डोळे होणं बरं.

या कोटाला मात्र तिचा हात लागला नव्हता. मागचा आठवडा ती माहेरी होती, आणि मास्तरांनी हट्टाने सगळं एकट्याने केलं होतं. कापलं त्यांनी, कच्च्या टाक्यांनी जोडलंही त्यांनीच. "भावाचा कोट आहे. यात दुसऱ्याची सुई नको."

"घाल," मास्तर म्हणाले.

पीटी तीन बाजूंनी दाखवणाऱ्या आरशासमोर पोट आत ओढून उभा राहिला. डावा हात बाहीत गेला तो सरळ, लोण्यात सुरी जावी तसा. उजवा हात मागे नेताना त्याचा चेहरा किंचित बदलला. मग बाहीत हात गेला खरा, पण पुढे येईना. कोपरापाशी बाही उलट्या अंगाला वळली होती. पीटी हात पुढे आणू बघे, बाही त्याला मागे ओढी. आरशात एक गृहस्थ दिसत होते, ज्यांचा एक हात लग्नाला निघाला होता आणि दुसरा घरी परत चालला होता.

सुनेला दिसायला क्षणही लागला नाही. दोन्ही बाह्या डाव्या.

तिने चटकन इस्त्री हातात घेतली आणि जिथे काहीच नव्हतं तिथे फिरवू लागली.

"कसा वाटतो?" मास्तरांनी विचारलं.

"उत्तम," पीटी म्हणाला.

तो हे खोटं बोलला ते भावाच्या प्रेमापोटी नव्हे. त्याचा उजवा खांदा चार महिन्यांपासून आखडला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता. दात तो डाव्या हाताने घासत होता, आणि संध्याकाळी फिरायला जाताना टपालबाईंच्या नेमक्या अशा बाजूला चालत होता की कुणी हाक मारली तर डावाच हात वर करावा. कोटात हात अडकला तेव्हा त्याने बाहीचा विचारच केला नाही. त्याला वाटलं, झालं, खांद्याने भर बाजारात मान खाली घालायला लावली. ज्याने हजारो पोरांना 'हात वर, हात पुढे, हात बाजूला' शिकवलं, त्याला हात पुढे आणता येत नाही, हे या दुकानात कळता कामा नये.

मास्तर जवळ आले. बाहीच्या गोलाव्यावरून त्यांनी बोटं फिरवली. टाचतानाच ती बसेना हे त्यांना जाणवलं होतं. तेव्हा त्यांनी कापडाला हट्टी ठरवलं होतं. इतकी वर्षं जी थाप दुसऱ्यांना मारली ती आता स्वतःलाही लागू पडू लागली होती.

"जरा खेचतंय का रे इथे?"

"छे! कुठे?"

"कापड हट्टी आहे. इस्त्रीने वठणीवर येईल."

"येईल की. कापडच ते."

दोघे भाऊ आरशात एकमेकांकडे बघून समाधानाने हसले. एकाला वाटलं दोष कापडाचा, दुसऱ्याला वाटलं खांद्याचा. दोघांनीही खोलात जायचं टाळलं, आणि त्यामुळे कोटाचं अगदी छान चाललं होतं.

मॅनेजरला कापण्यातलं कळत नव्हतं, पण बायको रिकामी इस्त्री फिरवते आहे हे कळत होतं. त्याने खुर्ची वळवली. "काका, जरा हात वर करून दाखवा."

"कशाला? मी लग्नाला चाललोय, शरण यायला नाही."

"तरी पण. फिटिंग कळतं."

"फिटिंग मला शिकवू नकोस. तू एकदा दोरीच्या उड्या मारताना पायजमा सोडून आला होतास."

कोपऱ्यात मास्तरांची बायको घरच्या उशांचे अभ्रे दुरुस्त करत बसली होती. दुकानाची सुई तिच्या हाती मास्तरांनी आयुष्यात दिली नव्हती. "तुझा टाका लांब पडतो आणि तिरका जातो," हा निकाल लग्नाच्या पहिल्या वर्षीच लागला होता आणि त्यावर अपील नव्हतं. ती घरच्या कपड्यांपुरती लांब, तिरके टाके घालत राहिली. आत्ता तिने मान वर केली, दिराच्या हाताकडे बघितलं, सुनेच्या इस्त्रीकडे बघितलं, आणि पुन्हा मान खाली घातली. तिला सगळं कळलं होतं. बोलण्यात फायदा कुणाचा, एवढंच ती तपासत होती.

तेवढ्यात शटरखाली दोन चपला आल्या आणि थांबल्या.

"आत यायचंय, पण गुडघ्यांना विचारावं लागेल," चपलांच्या वरून आवाज आला. "कुणी शटर वर करेल का? नाहीतर मी इथूनच आशीर्वाद देते."

मॅनेजरने शटर वर केलं. टपालबाई आत आल्या, पहिल्याच स्टुलावर बसल्या, चष्मा पुसला, घातला, आणि होणाऱ्या नवऱ्याकडे बघितलं. खिडकीत येणाऱ्या पाकिटाकडे बघावं तसं, आधी पत्ता, मग तिकीट.

"अहो, याच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत," त्या म्हणाल्या.

दुकानात असं वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं. त्या वाक्याला बसायला तिथे जागाच नव्हती.

"काय म्हणाल्या?" मास्तरांच्या बायकोने विचारलं.

"बाह्या?" पीटी म्हणाला. त्याने हाताकडे नव्याने बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम उजाडलं. "म्हणजे खांदा नाही!"

"कसला खांदा?" टपालबाईंनी विचारलं.

पीटीने तोंड मिटलं, पण वाक्य बाहेर जाऊन बसलं होतं.

"उजवा का? तरीच. परवा माझी पिशवी त्या हाताने घेतलीत आणि लगेच या हातात बदललीत. मला वाटलं, माझ्या बाजूचा हात तुम्हाला मोकळा ठेवायचा आहे." त्या जरा हिरमुसल्या. "मी उगाच खूश झाले होते."

मॅनेजर खुर्चीवरून उठला होता. तो दुष्ट मुलगा नव्हता. पण अटी त्याने घातल्या होत्या आणि त्या समोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. "मास्तर," तो हळू म्हणाला, "उलटवून लावता येईल का बाही? मागची बाजू वर करून?"

"नाही येत," सुनेच्या तोंडून गेलं. "या कापडाची उलट बाजू फिकी आहे."

"आणि कापड उरलंय?"

"तागा संपला होता. शेवटचा तुकडा होता तो."

"मग वाया गेलं."

सुनेने इस्त्री खाली ठेवली. "माझ्यामुळे. जोडताना मी..."

"तू कुठे होतीस?" मास्तर म्हणाले. "तू माहेरी होतीस."

ती थांबली. आपला बनाव सासऱ्यानेच खोडून काढावा, हे तिच्या हिशेबात कुठेच धरलेलं नव्हतं.

मास्तरांनी भावाच्या अंगावरची उजवी बाही चिमटीत धरली. खांद्यापासून मनगटापर्यंत तिचा उतार बोटांनी वाचत गेले, मग परत वर आले. वेळ लागला. घाई करा असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते गप्प राहिले असते तर सुनेने अजून एखादी पळवाट काढली असती, भावाने मान डोलावली असती, आणि मुलालाही बहुधा ते चाललं असतं. हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. दिसण्यासारखं हल्ली तेवढंच उरलं होतं.

"कापड कमी होतं, म्हणून एकेरी अंथरून कापलं," ते शेवटी म्हणाले. "दुहेरी घडीवर कापलं की बाह्यांची जोडी आपोआप निघते. एकेरीवर दुसऱ्या बाहीला कागदाचा खाका उलटवावा लागतो. तो मी उलटवला नाही. उलटवला असं मला वाटलं." थोडं थांबून म्हणाले, "कापड आटलेलं नाही."

"काय?" टपालबाईंनी सुनेला हळूच विचारलं.

"नंतर सांगते."

मॅनेजरने मानेवरून हात फिरवला. "मग ठरलं होतं तसं..."

इथे पीटीने बाजू बदलली. त्यामागे तत्त्व नव्हतं, खांदा होता. तो आरशाकडे पाठ करून म्हणाला, "या बाह्या हव्यातच कशाला?"

"काका, कोटाला बाह्या असतात."

"कोट कुणी सांगितलाय? मी जाकीट सांगितलं होतं. बिनबाह्यांचं. दादा, मी जाकीटच म्हणालो होतो ना?" त्याने पंधरा दिवसांपूर्वी घेतलेली बाजू कुणाच्या तरी लक्षात आहे का म्हणून आजूबाजूला बघितलं. सगळ्यांच्या होती. "मग वाया काय गेलं? काहीच नाही."

पीटीची नजर फिरत फिरत टपालबाईंवर येऊन थांबली. टपालबाईंनी एकदा त्याच्या आखडलेल्या खांद्याकडे बघितलं, एकदा मास्तरांच्या सुजलेल्या अंगठ्याकडे, आणि एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे.

"हो, जाकीटच," त्या म्हणाल्या. "मी होते की सोबत."

त्या सोबत नव्हत्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. या घरातलं त्यांचं हे पहिलं खोटं, आणि पहिल्या प्रयत्नाच्या मानाने फारच नीटस. सुनेने त्यांच्याकडे नव्या नजरेने बघितलं. लग्न शुक्रवारी होतं, पण त्या घरात आल्या त्या याच वाक्याला.

"जाकिटाला कुणी बाह्या कापतं का?" मास्तर म्हणाले.

सगळे हसले. मास्तर हसले नाहीत, पण रागावलेही नव्हते. ते टेबलापाशी गेले. कात्री कापडाखाली होती. मोठी, काळी. दांड्याचं लोखंड त्यांच्या अंगठ्याने झिजून एका बाजूला पातळ झालं होतं. ती ते कुणाच्या हातात देत नसत. त्यांनी ती टेबलावर ठेवली, हळूच फिरवली, आणि मूठ सुनेच्या बाजूला केली.

"बाह्या उसव. हात घालायचे मुंढे अर्धं बोट मोठे कर, उजवा थोडा जास्त. याचा हात सुखाने फिरला पाहिजे."

सून जागची हलली नाही. "मी?"

"रोज सकाळी करतेस तेच. फक्त आता दिवसाउजेडी कर."

तिचा चेहरा लाल झाला. पीटी छताकडे बघू लागला. मॅनेजर म्हणाला, "रोज सकाळी काय?"

"आणि तू ऐक," मास्तर मुलाला म्हणाले. "चुकलो तर टेबल जाईल म्हणालास. मी कबूल केलं. पण चुकलं कोण? टेबल चुकलेलं नाही. मी चुकलो. तर मी बाजूला होतो. टेबल राहू दे."

मॅनेजरने मनात बेरीज करून बघितली. काका पलीकडे गेला होता, नवी काकू पलीकडे, आई कधी अलीकडे नव्हतीच, आणि बायकोच्या समोर आता कात्री होती. तो खुर्चीत बसला. खुर्ची आपोआप थोडी फिरली.

"डोळे करून घ्यायचे मग," तो म्हणाला. "शुक्रवार होऊ दे. त्यात चालढकल नाही."

"बघू."

"बघायचं नाही. करायचं. बघायला येत नाहीये म्हणूनच तर."

"बरं."

मुलाला एवढ्या मोठ्या व्यवहारात काहीतरी पदरात पडलं, त्यामुळे त्याचं तोंड जरा गोड झालं. पीटीने कोट काढला. काढताना "आई गं" म्हणाला, मोठ्याने, चार महिन्यांत पहिल्यांदाच. टपालबाईंनी उठायचा बेत केला, गुडघ्यांशी सल्लामसलत केली, आणि बसूनच म्हणाल्या, "शेक घेताय का?" तो म्हणाला, "नाही." त्या म्हणाल्या, "शुक्रवारपासून घ्याल."

सुनेने कात्री उचलली. तिला ती जड वाटली आणि अंगठ्याला मोठी. पहिला टाका उसवताना तिने एकदा सासऱ्याकडे बघितलं. ते बघत नव्हते. मशीनसमोरच्या बुटक्या स्टुलावर ते बसले होते. तिथे ते कधी बसत नसत. कापणारा उभा असतो. बसतो तो शिवणारा. त्यांनी एक पाय दुसऱ्या गुडघ्यावर टाकला. हातांना काही धरायची सवय होती आणि धरायला काही नव्हतं, म्हणून ते स्वतःच्याच पँटच्या पायाशी चाळा करत राहिले.

बोटं पायाच्या कडेशी आली आणि थांबली.

ही पँट त्यांनीच कापलेली, जुन्या मापाची. अजून अगदी बरोबर येते, जमिनीला टेकत नाही, याचा ते चारचौघांत दाखला देत. त्यांनी कडा उलटली. आत एक दुमड होती, ती त्यांची. तिच्यावर आणखी एक दुमड होती, ती त्यांची नव्हती. तिच्यावर आणखी एक. दर दुमडीवर टाके होते, लांब, आणि प्रत्येक टाका एकाच बाजूला कललेला. त्यांनी दुसरा पाय चाचपला. तिथेही तसंच.

कात्री चालू होती. पीटी टपालबाईंना मुंढा म्हणजे काय ते समजावत होता, चुकीचं. मास्तर खाली बघूनच, अगदी हळू आवाजात म्हणाले, "हा टाका दुकानातला नाही."

एवढं बारीक बोलणं शेजारच्या सुनेलाही नीट ऐकू गेलं नाही. कोपऱ्यातल्या बाईला गेलं. तिने अभ्रा मांडीवर सारखा केला, सुईत नवा दोरा ओवला, गाठ मारली.

"कापड वाढलं होतं," ती म्हणाली.